क्लिंटन लेकच्या गरम पाण्यात क्रॅपी मासळी नेमकी कुठे शोधायची?

नॉर्मलकर_ओंकार

नमस्कार मंडळी. मी इलिनॉयमध्ये ब्लूमिंग्टन-नॉर्मलला राहतो. फेब्रुवारीत आजूबाजूची तळी गोठलेली असतात, पण क्लिंटन लेकला अणुऊर्जा केंद्राचं गरम पाणी सुटतं, त्यामुळे तलावाच्या सॉल्ट क्रीक फाट्याच्या बाजूला गळ टाकता येतो. त्या गरम पाण्याचा कालवा तलावात पडतो तिथे पाण्यावर वाफा असतात, आणि सगळी गर्दीही तिथेच. मासे लागतात, पण कॅटफिश, नाहीतर व्हाइट बास. मला हवी आहे क्रॅपी. सोबत मुलगी असते, सात वर्षांची. तिला बॉबर (दोरीवरचा तरंगता गोळा) बुडताना बघायचा असतो. बोट नाही, काठावरूनच काय ते. मिनो (आमिषाचे छोटे मासे) आणि १/१६ औंसाचे जिग (वजन जोडलेले गळ) आहेत. थंडीत मासा उबेला येतो म्हणतात, मग क्रॅपी कुठे गेली?

गरीवाला_गुहागर

ओंकार, आधी कालव्याचं तोंड सोड. मासा उबेला येतो हे खरं, पण क्रॅपीला पाण्याची ओढ सोसत नाही. त्या धारेत शॅड या लहान माशाची पिल्लं गोळा होतात आणि त्यांच्यामागे व्हाइट बास, कॅटफिश येतात. ते धारेत उभे राहणारे मासे. क्रॅपी संथ पाण्यात, झाडोऱ्याला टेकून राहते. तू ज्या जागी उभा आहेस, तिथे दुसऱ्याच माशांचा बाजार आहे.

पाणी कसं फिरतं ते एकदा डोक्यात बसव, म्हणजे हा तलाव उलगडतो. दोन फाटे आहेत, सॉल्ट क्रीक आणि नॉर्थ फोर्क, आणि ते जिथे मिळतात तिथे धरण. केंद्र नॉर्थ फोर्कमधून पाणी उचलतं, यंत्रातून फिरवतं आणि सुमारे तीन मैलांच्या कालव्याने सॉल्ट क्रीकमध्ये सोडतं. तिथून ते निवत निवत धरणाकडे येतं आणि वळून पुन्हा नॉर्थ फोर्कमध्ये शिरतं. म्हणजे एकाच तलावात एकाच दिवशी तुला कढतपासून गारठ्यापर्यंत सगळे टप्पे मिळतात. प्रश्न फक्त कुठला टप्पा निवडायचा एवढाच.

मी टप्पा थर्मामीटरने ठरवतो. साधाच, दोरी बांधलेला. गरम पाणी हलकं असतं, ते वरवर पसरतं. हात घालून कोमट लागलं म्हणून खालीही कोमट असेल असं नाही. दोन फुटांवर एकदा बघ, मग आठ-दहा फुटांवर. दर वेळी दोनेक मिनिटं खाली ठेव आणि झटकन ओढ. वर साठ अंश आणि खाली पंचेचाळीस (फॅरनहाइट म्हणतोय) असं निघालं, तर क्रॅपी बहुतेक त्या दोन थरांच्या सांध्याला मिळते. ती जागा वाऱ्याने सरकते. वायव्येचा वारा दिवसभर वाहिला, की तो वरचा ऊबदार थर दुधावरच्या सायीसारखा आग्नेयेच्या काठाला जाऊन साचतो. कालची जागा आज रिकामी असते ती यामुळे. मी घरून निघण्याआधी वारा बघतो, तापमान नंतर.

मग त्या काठावर आडोसा शोध: पाण्यात पडलेलं झाड, पुलाचे खांब, दगडी पिचिंग जिथे संपून मातीचा काठ सुरू होतो तो कोपरा. तीन-चार फुटांवरून एकदम दहा फुटांवर खोली जात असेल आणि तिथे लाकूड असेल, तर तिथून हलू नकोस.

१/१६ औंस या दिवसांत जड होतं. १/३२ घे, चार पौंड ताण सोसणारी दोरी लाव, वर सरकता बॉबर, आणि तो अडवायला दोरीवर एक गाठ. जिग बांधायची गाठ त्याच्या कडीवर अशी बसव की जिग पाण्यात आडवा राहील; नाक खाली करून लटकणाऱ्या जिगला थंडीतली क्रॅपी बघतसुद्धा नाही. आणि आमिष माशाच्या वर ठेव. तिची नजर वर असते, वर येऊन खाते, खाली वाकून सहसा नाही. दर पाच मिनिटांनी बॉबर अडवणारी गाठ फूटभर सरकवत जा. बॉबर दर वेळी बुडेलच असं नाही. कधी तो नुसता आडवा पडतो, म्हणजे माशाने जिग वर उचलला. मुलीला हे आत्ताच शिकव. ओढताना झटका नको. तोंड कागदासारखं पातळ असतं, फाटतं. गुहागरला गरवताना झटका द्यायची सवय लागते, ती इथे सोडावी लागते.

स्नेहल_पिओरिया

गरीवाला काका, अणुकेंद्राच्या पाण्यातला मासा खायला हरकत नाही ना? घरी दरवेळी हाच वाद होतो.

गरीवाला_गुहागर

स्नेहल, तलावाचं पाणी अणुभट्टीतून फिरत नाही. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करायला ते कंडेन्सरच्या नळ्यांमधून जातं. वाफ नळ्यांच्या बाहेर, तलावाचं पाणी आत. दोन्ही वेगळी राहतात. आम्ही घरी खातो. खरी काळजी घ्यायची ती पाऱ्याची, आणि ती इलिनॉयच्या सगळ्याच तलावांत, जास्त करून मोठ्या शिकारी माशांबाबत. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर राज्याच्या आरोग्य खात्याची सूचना वाचाच.

नॉर्मलकर_ओंकार

काका, वाऱ्याचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार. केंद्र बंद असेल तेव्हा काय करायचं? आणि उन्हाळ्यात?

गरीवाला_गुहागर

इंधन बदलायला केंद्र काही आठवडे बंद ठेवतात. तेव्हा ऊब संपते आणि हा साध्या तलावासारखा वागतो. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या, म्हणजे एनआरसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक अणुभट्टी किती टक्क्यांवर चालू आहे त्याचा तक्ता रोज येतो. क्लिंटनपुढे शून्य दिसलं, की सॉल्ट क्रीकला जाण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात उलटं कर. गरम फाट्याकडे फिरकू नकोस. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो: दहा अंश सेल्सिअसला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, तिशीला साडेसात. तेव्हा नॉर्थ फोर्कचा वरचा भाग, पहाट, सावलीतलं लाकूड.

त्याआधी एप्रिल मात्र सोडू नकोस. पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटवर आलं की क्रॅपी अंडी घालायला उथळात येते, आणि गरम फाट्यात ते बाकी तलावाआधी होतं. तेव्हा काठावरून, दोन-तीन फूट पाण्यात, मुलीच्या हातून लागेल. पोटुशी मादी सोडून द्या. तुझं लायसन्स काढलेलं असू दे, सोळाच्या आतल्यांना लागत नाही. किती आणि केवढे मासे ठेवायचे ते बोटी उतरवायच्या रॅम्पवरच्या फलकावर असतं. केंद्राजवळच्या बॉयांपलीकडे (हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांपलीकडे) गळ टाकायचा नाही.

शनिवारी वारा कुठला आहे ते इथे लिही, काठ सांगतो.