पट्टेवाली माशी: फोटोवरून कूळ कसं ठरवायचं?

प्रश्न: घाणेरीच्या फुलावरची पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी. पंख दोनच, मिशा आखूड. सिर्फिडी (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्यांचं कूळ) म्हणू का?

उत्तर १: पट्ट्यांवर जाऊ नका, ते बऱ्याच कुळांत असतात. पंख झूम करा. मधोमध दोन्ही टोकं मोकळी असलेली, घडीसारखी खोटी शीर दिसली तर बहुधा सिर्फिडीच.

उत्तर २: वरून काढलेल्या फोटोत पंख मिटलेला असेल तर ती शीर पोटाच्या पट्ट्यांत हरवते. बाजूनेही एक फोटो हवा. पोटावर राठ, उभे केस आणि स्कुटेलमखाली (छातीच्या मागच्या टोकाची छोटी ढाल) आणखी एक फुगवटा असेल, तर टॅकिनिडी (माश्यांचं दुसरं कूळ).

प्रश्नकर्ता: राठ केस नाहीत, खोटी शीर आहे. डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेत.

उत्तर १: मग सिर्फिडी, आणि डोळे चिकटलेत म्हणजे बहुतेक नर. प्रजातीचं नाव मात्र एवढ्यावर टाकू नका.