लेबर रूममध्ये एआय आणायचं असेल तर आधी आमच्या नोंदी खऱ्या होऊ द्या

कळांची_सोबत (स्टाफ नर्स, बीड जिल्हा)

मागच्या आठवड्यात आमचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर दाखवलं की कळा किती, बाळाचे ठोके किती, पिशवीचं तोंड किती उघडलं एवढं टॅबमध्ये टाकलं की एआय सांगणार, बाई अडणार की मोकळी होणार. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून हा धागा.

त्या हॉलमध्ये बसलेल्या आम्हा सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती आणि कुणी बोललं नाही. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख, आम्ही पुष्कळदा बाळंतपण झाल्यावर भरतो. सगळ्याजणी नाही, नेहमी नाही. पण रात्रपाळीला एकटी सिस्टर, तीन टेबलांवर तीन बाया, त्यात एकीची वार पडेना, अशा वेळी दर अर्ध्या तासाला आलेखावर ठिपका कोण टाकणार? मग सकाळी सहाला बसायचं आणि मागच्या आठ तासांचे ठिपके एका दमात टाकायचे. ठोके १४०, १४२, १३८. तोंड उघडण्याची रेषा सरळ चढत जाते, कारण बाळ रडलेलं आपण आधीच ऐकलेलं असतं.

यंत्र शिकणार ते या फायलींवरूनच ना? सुखरूप झालेल्या बाईच्या कागदावर मी सुखरूप आकडे लिहिले. जिचं बिघडलं तिच्या कागदावर तर अजून सांभाळून लिहिलं, कारण चौकशी होणार हे माहीत होतं. अशा हजार फायली वाचून यंत्राला बाळंतपण कळणार नाही. त्याला आमची भीती तेवढी कळेल.

१९ वर्षं हे काम करते आहे. पोटावर हात ठेवला की कळ चढताना कळते, ती कुठे विरते तेही कळतं. मागच्याच महिन्यात मी टॅबवर आरसीएचचा (गरोदर बाईच्या सरकारी नोंदणीचा) नंबर शोधत होते, तेव्हा टेबलावरची बाई म्हणाली, "सिस्टर, त्या डब्ब्याकडं काय बघू राहिलात, माझ्याकडं बघा की." ते अजून टोचतं.

माझं म्हणणं इतकंच की रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या. मग खरी नोंद होईल, आणि मग त्या नोंदीवर काय शिकवायचं ते यंत्राला शिकवा.

कयाधूकाठ (सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी, हिंगोली)

सिस्टर, कागद खोटा आहे म्हणूनच टॅब हवा. टॅबवर वेळ आपोआप पडते. सकाळी सहाला बसून रात्री दोनचा ठिपका टाकता येणार नाही.

कळांची_सोबत

येईल, सर. रात्री दोनला डॉपलर (बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र) न लावता १४० टाकून मी दुसऱ्या टेबलाकडे पळेन. घड्याळ खरं, आकडा खोटाच.

कयाधूकाठ

मग डॉपलरच थेट जोडावा, हाताने आकडा टाकायचं कामच नको. पण मला ठोक्यांपेक्षा वेगळं सांगायचंय.

माझ्या वहिनीचं दुसरं बाळंतपण. कार्डावर बीपी तीन भेटींत असं: ११०/७०, १२४/८०, १३६/८८. तीन वेगवेगळ्या सिस्टर, तीन वेगळी अक्षरं. प्रत्येकीच्या मते आकडा धोक्याच्या १४०/९० च्या आतच होता, आणि ते खरंही होतं. ओळीने तिन्ही कुणी वाचले नाहीत. पुढे दहाच दिवसांत तिला घरी झटके आले. वहिनी वाचली, बाळ नाही वाचलं. मी तेव्हा नर्सिंगला होतो आणि ते कार्ड माझ्याही हातात येऊन गेलं होतं.

चढता आकडा बघायला कुणी हुशार माणूस लागत नाही. न थकणारं, न बदलणारं कुणीतरी लागतं. एखाद्या साध्या प्रोग्रामने "ही बाई वर चाललीय" एवढंच म्हटलं असतं तरी मी सायकलवर जाऊन तिचं बीपी पुन्हा घेतलं असतं. तुमचा हात मला मान्य आहे, ताई. पण तुमच्यासारखे हात प्रत्येक उपकेंद्रात नाहीत. आमच्याकडे नवी मुलगी येते, दोन वर्षांत बदलून जाते. तिच्या जोडीला काय देणार?

कळांची_सोबत

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचं खरं आहे. बीपीची ओळ यंत्राने वाचावी, त्याला माझी हरकत नाही.

शिकवणारी_लातूर (नर्सिंग कॉलेज)

मी कयाधूकाठ यांच्या दुःखाला मान देऊनच विरोध करते आहे. बीपीचं ठीक, पण मूळ प्रश्न लेबर रूमचा आहे आणि तिथे यंत्राची परीक्षा झालेली आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये इन्फंट नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. ४६ हजारांवर बाळंतपणं. सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा सतत टिपणाऱ्या यंत्राचा, आलेख वाचून धोका सांगणारं सॉफ्टवेअर अर्ध्या बायकांना लावलं, अर्ध्यांना नाही. बाळांच्या परिणामांत फरक पडला नाही. आणि तिथे एका बाईमागे एक मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) असते! सॉफ्टवेअरशिवाय नुसता सतत लावलेला सीटीजीसुद्धा घ्या. बाळांचे झटके कमी होतात, पण बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं दिसत नाही आणि सिझर मात्र वाढतात. म्हणून कमी जोखमीच्या बाईला ठराविक वेळाने डॉपलरने ऐकणंच पुरेसं धरतात.

याच्या उलट २०२३ चा ई-मोटिव्ह अभ्यास. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, ८० रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त बाया. त्यात काय वापरलं, तर बाळंतिणीखाली अंथरायची, आकड्यांच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी. रक्त किती गेलं ते डोळ्यांना दिसतं आणि ठरलेले उपचार ओळीने न करता एकदमच सुरू होतात. जिथे पिशवी होती तिथे १०० पैकी ९३ रक्तस्राव ओळखले गेले, नव्हती तिथे ५१. एक लिटरच्या वरचा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. आमच्या विद्यार्थिनी अजूनही "दोन पॅड भिजले" असा अंदाज लिहितात. मला आधी ती पिशवी प्रत्येक टेबलावर हवी.

संगणकवाला_संभाजीनगर

मॅडम, इन्फंटमधलं सॉफ्टवेअर मुख्यतः आधी ठरवून दिलेल्या नियमांवर चालणारं होतं. आता जुन्या नोंदींवरून स्वतः शिकणारी मॉडेल आहेत, दोन्ही एकच धरू नका.

शिकवणारी_लातूर

धरत नाही. पण शिकणारं मॉडेल कुठली वही वाचून शिकलं, हा प्रश्न त्याने अजून मोठा होतो. जुन्या पार्टोग्राफमध्ये तोंड ४ सेंटीमीटर उघडल्यापासून मोजायचं आणि तासाला १ सेंटीमीटर उघडलं पाहिजे असं धरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये लेबर केअर गाइड आणलं, त्यात खऱ्या कळांची सुरुवात ५ सेंटीमीटरला धरली आणि तासाला एकचा हट्ट सोडला. जुन्या फायलींवर शिकलेलं यंत्र तिसऱ्या तासाला लाल दिवा लावेल. ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर लाल दिव्यासमोर काय करेल? रेफर, म्हणजे मोठ्या दवाखान्यात रवानगी. धारूरच्या घाटातून, रात्री, कळा देणारी बाई गाडीत घालून. तो दिवा चुकीचा होता हे नंतर कुणी तपासणार नाही.

संगणकवाला_संभाजीनगर

हे मला माहीत नव्हतं. आमच्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं.

तरी एक उदाहरण देतो, आपल्याच राज्यातलं. मुंबईच्या अरमान संस्थेची एममित्र सेवा गरोदर बायकांना दर आठवड्याला आवाजी फोन करते. बाया हळूहळू फोन ऐकणं सोडतात. कुठल्या बाईला आता माणसाने फोन करायला हवा, हे ठरवायला त्यांनी गूगलच्या संशोधकांबरोबर मॉडेल बनवलं आणि सुमारे २३ हजार बायकांवर तपासलं. गळती अंदाजे ३० टक्क्यांनी कमी झाली. यंत्राने बाईवर उपचार केले नाहीत. सिस्टरचा अपुरा वेळ कुणाकडे वळवायचा एवढंच सांगितलं.

फडावरची_सेविका (एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, बीड जिल्हा)

माझ्या गावातली निम्मी नावं दिवाळीनंतर माझ्या यादीत असतात, गावात नसतात. ऊसतोडीला जातात, कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ पैशांची उचल दोघांवर घेतलेली, म्हणून सातव्या महिन्यातही ती जाते. कार्ड पेटीत, पेटी गावात. तिकडच्या दवाखान्यात विचारतात, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) किती. ती म्हणते, माहीत नाही. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर काहीच नाही.

म्हणून मला डिजिटल हवंच. तिचा आरसीएच नंबर टाकला की पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या सिस्टरला माझी नोंद दिसली पाहिजे. त्याला एआय लागत नाही. एका सिस्टरने लिहिलेलं दुसरीला दिसावं लागतं. फोनचं म्हणाल तर फोन नवऱ्याकडे असतो, नाहीतर मुकादमाकडे. तिच्या अंगावरून जातंय हे सांगणारा मेसेज मुकादमाच्या फोनवर नको.

कयाधूकाठ

फोन मुकादमाकडे असतो, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नाही.

दोन_लेकरांची_आई (परभणी)

मी नर्स नाही, दोनदा त्या टेबलावर झोपले एवढंच. पहिल्या वेळी माझ्याशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी एका सिस्टरने कंबर चोळली आणि "आता सोड श्वास, माय" म्हणाली. मशीन लावा, पण ते चोळणं बंद होणार असेल तर नका लावू.

कळांची_सोबत

ताई, ते बंद होऊ नये म्हणूनच भांडते आहे.

सगळं वाचून माझं मत थोडं हललं. बीपीची ओळ, फडावरच्या बाईची नोंद, गळतीची यादी हे यंत्राने करावं. बाई अडणार की मोकळी होणार हे त्याने आत्ता सांगू नये. आमच्या खोट्या ठिपक्यांवर तर नकोच. आणि आम्ही बोलू ते ऐकून रजिस्टर भरणारं यंत्र द्या, म्हणजे हात पोटावर राहील. तेही आमच्या बोलीत.

संगणकवाला_संभाजीनगर

बोलीचं मी करून बघू शकतो. बाया धोक्याच्या खुणा कोणत्या शब्दांत सांगतात?

कळांची_सोबत

"डोळ्यांपुढं अंधारी येती." "डोकं फुटू राहिलं." "तोंडावर सूज, बांगडी वर सरकंना." आणि सगळ्यात महत्त्वाचं, "काळजाखाली जळजळ." फायलीत ते ॲसिडिटी म्हणून लिहिलेलं सापडेल, गोळीही दिलेली असेल. बीपी वाढलेल्या बाईने हे म्हटलं तर ते झटक्यांच्या आधीचं लक्षण असतं. तिथे फायलीवरून शिकवू नका, आम्हाला विचारून शिकवा.

फडावरची_सेविका

अजून एक. "सकाळपासून लेकरू गप हाय." हे ती कधीच आपणहून सांगत नाही. मीच विचारलं की मग म्हणते.