पहिल्यांदाच हॅमर-इनला चाललोय, काय नेऊ आणि काय घरी ठेवू?

डावा_हातोडा

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं घरामागे छोट्या गॅस भट्टीवर चाकू बनवतोय, आतापर्यंत सहा झाले, त्यातले चार चारचौघांत दाखवण्यासारखे आहेत, एक वाकडा आहे तो मीच वापरतो आणि एक तुटला. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या पाती घडवणाऱ्यांचा दोन दिवसांचा मेळावा, म्हणजे हॅमर-इन, आहे, मी असल्या ठिकाणी कधीच गेलेलो नाही. दिवसभर प्रात्यक्षिकं आहेत, दोन-तीन भट्ट्या सगळ्यांसाठी खुल्या आहेत म्हणे आणि संध्याकाळी एकमेकांचे चाकू बघायचे.

यादी करायला बसलो तर यादीच संपेना. ऐरण (माझी छोटी आहे, २५ किलोची), तीन हातोडे, चार सांडशा, सुहागा (जोड बसवताना टाकायचा बोरॅक्स), स्टीलच्या पट्ट्या, तेलाचा डबा, ग्राइंडरचे पट्टे, चारही चाकू. मित्राच्या गाडीने गेलो तर आठेक तास, विमानाने गेलो तर लवकर पण मग हे सगळं कसं न्यायचं? आणि खरं सांगायचं तर जरा धाकधूक आहे, तिथे वीस-वीस वर्षं काम केलेले लोक असणार, त्यांच्यासमोर आपले चाकू ठेवायचे म्हणजे... जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

भातावाला

अहो अर्धं सामान आधी खाली उतरवा. ऐरण तिथे असते. तेल तिथे असतं. भट्टी तर त्यांचीच. तुम्ही पाहुणे म्हणून चाललाय, बिऱ्हाड हलवत नाही आहात.

हातोडा मात्र स्वतःचाच न्या, आणि एकच, ज्याची हाताला सवय आहे तो, किलो-सव्वा किलोचा असेल तर उत्तम. दुसऱ्याच्या हातोड्याने काम करायला गेलं की पहिला तासभर घाव कुठे पडतोय तेच कळत नाही आणि खुल्या भट्टीवर तुमची पाळी तेवढीच असते. सांडशी एक पुरे, पण तुमच्या पट्टीच्या जाडीला नीट बसणारी, सैल पकडीतून तापलेली पट्टी निसटली तर ती शेजारच्याच्या पायावर जाते. गर्दीत काम करताना मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

कपडे सुती, जाड. सिंथेटिक शर्ट नको, ठिणगी पडली की तो वितळून अंगाला चिकटतो. बूट चामड्याचे, आणि पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेरून सोडा, नाहीतर तापलेल्या लोखंडावरून उडालेला गरम पापुद्रा सरळ आत जातो (विचारा कसं माहिती). चष्मा, कानात घालायचे प्लग, आणि ग्राइंडरजवळ उभं राहणार असाल तर नीट फिल्टरवाला मास्क, रुमाल बांधून चालत नाही. लाकूड, हाड, मायकार्टा (राळेत दाबलेलं कापड) कशाचीही मूठ घासली तरी धूळ वाईटच.

आणि हो, चार दाखवायचे चाकू नेताय पण तुटलेला का नाही?

कानसवाली

प्रवासाचं मी सांगते, दोन्ही प्रकारे जाऊन आले आहे.

विमानाने जाणार असाल तर चाकू, हातोडा, सांडशी, छिन्नी, कानस सगळं चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये यातलं काहीही घेऊन वाद घालायला जाऊ नका. पात्याला म्यान असलं तरी वरून पुठ्ठा आणि टेप, म्हणजे तपासायला बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. गॅसचा सिलिंडर रिकामा असला तरी विमानात न्यायचा विचार सोडा. पॉवर बँक उलट, ती केबिनमध्येच लागते. आणि वजन! हातोडा, सांडशी आणि चार चाकू म्हणजे बॅग भरलीच की, येताना लोक स्टीलचे तुकडे हातात देतात ते कुठे ठेवणार?

गाडीने जात असाल तर ती चिंता नाही, पण मग वाटेत जिथून जिथून जाणार तिथले चाकू बाळगण्याचे नियम बघा. कुठे पात्याच्या लांबीवर बंधन असतं, कुठे दुधारी चालत नाही. सगळं एका पेटीत, पेटीला कुलूप, पेटी डिकीत. सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात मोकळा चाकू ठेवू नका, तुम्ही स्वतः बनवलाय हे सांगून समोरच्याला काही फरक पडत नाही.

आदल्या संध्याकाळीच पोचा. आठ तास गाडी चालवून थेट भट्टीसमोर उभं राहायचं नसतं, थकलेला माणूस आणि पॉवर हॅमर हे जमत नाही.

डावा_हातोडा

दोघांचेही आभार, ऐरण आणि तेल यादीतून गेलं. गाडीच बरी वाटतेय.

तुटलेला का नेऊ पण? तोच तर लपवून ठेवलाय. १०८४ ची (या ग्रेडच्या पोलादाची) पट्टी होती, घडवताना काही अडचण नाही आली, पाणी दिलं (तापवून एकदम बुडवून कडक केलं), कानस फिरवून बघितली तर काचेवर घसरावी तशी घसरली, मी खूश. मग ओव्हनमध्ये २०० अंशावर दोन-दोन तास दोनदा टेंपर केलं (ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून परत तापवलं), सगळं वाचलं होतं तसंच. मूठ बसवली, आठवड्याभराने हातातून फरशीवर पडला आणि मधोमध दोन तुकडे. स्टीलच खराब लागलं असेल असं समजून सोडून दिलं.

भातावाला

तुकडे फेकले नाहीत ना?

तुटलेल्या तोंडावर काय दिसतंय ते सांगा. राखाडी, मखमलीसारखं, की साखरेसारखे चमचम करणारे दाणे?

आणि पाणी दिलं तेव्हा किती वाजले होते?

डावा_हातोडा

आत्ता ड्रॉवरमधून काढून बघितलं. साखर. अगदी साखरच.

वेळेचा काय संबंध? रविवार होता, दुपारचे दोन-अडीच असतील, अंगणात, चांगलं ऊन होतं. रंग नीट दिसावा म्हणून मुद्दाम उजेडात केलं.

ठिणगी

अरे देवा 😅 "रंग नीट दिसावा म्हणून उन्हात"

भातावाला

हसू नका हो, आपण सगळ्यांनी कधी ना कधी हेच केलंय.

डावा_हातोडा, तुमचं स्टील बहुतेक चांगलं होतं, ऊन खराब होतं. तापलेल्या लोखंडाचा रंग हा त्याच्या स्वतःच्या उजेडाचा असतो, आजूबाजूला ऊन असेल तर तो उजेड फिका पडतो. सावलीत जे ८१५ अंशाला चांगलं लालभडक-नारिंगी दिसतं ते उन्हात मळकट लाल दिसतं. तुम्ही "अजून नाही, अजून नाही" करत थांबलात, उन्हात नारिंगी दिसेपर्यंत. म्हणजे ९५० वगैरे कधीच पार केलं असणार. तेवढ्या उष्णतेत पोलादातले कण फुगत जातात, मोठे होतात, आणि पाणी दिलं की तसेच गोठतात. कानस घसरली कारण पातं कडक झालंच होतं. कडक होणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं, आणि टेंपरिंगने फुगलेले कण लहान होत नाहीत.

म्हणून तर म्हणतो तुकडे न्या. चांगले चाकू बघून लोक "छान आहे" म्हणतील आणि पुढे जातील, तुटलेला बघून तुमच्याशेजारी बसतील.

काळं_पोलाद

भातावाल्यांनी मुद्द्याचं सांगितलं, थोडी भर घालतो.

लोहचुंबक घ्या, छोटासा, काठीला बांधून. ७७० अंशाच्या आसपास पोलाद चुंबकाला धरायचं सोडतं, हे ऊन असो की अंधार, बदलत नाही. १०८४ साठी चुंबक सुटला की तिथून रंगाची एक छटा वर, बस, आणि लगेच तेलात. (पाणी देतो म्हणतो आपण आणि देतो तेल, या धंद्यातली ही गंमत मला अजून कुणाला समजावता आलेली नाही. १०८४ ला साधं पाणी दिलंत तर तडा जायची शक्यता बरीच.) तेल ५०-५५ अंशापर्यंत कोमट केलेलं असावं, थंड तेल जाड असतं, पात्याभोवतीची वाफ लवकर सुटत नाही.

घडवून झाल्यावर नॉर्मलाइझ केलं होतं का? तुमच्या वर्णनात ते कुठेच नाही. पाणी द्यायच्या आधी तीनदा तापवून उघड्या हवेत काळं होईपर्यंत सोडायचं, दर वेळी थोडं कमी तापवून, साधारण ८७०, मग ८१५, मग ७५०-६०. घडवताना कण मोठे झालेच असतील तर ते इथे परत बारीक होतात. यात वीस मिनिटं जातात आणि नवीन माणूस नेमकी तीच वाचवतो.

आता जायच्या आधी एक काम करा, महिना आहे तुमच्याकडे. त्याच पट्टीतून बोटाएवढे तीन तुकडे कापा. एकाला चुंबक सुटल्या सुटल्या पाणी द्या, दुसऱ्याला एक छटा वर, तिसऱ्याला उन्हात दिलंत तसं भरपूर तापवून. टेंपर करू नका. प्रत्येकाला कानसेने एक, दोन, तीन खाचा करून ठेवा, पण पाणी द्यायच्या आधी, नंतर कानस चालणार नाही. मग व्हाइसमध्ये धरून, वर जाड फडकं गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून मोडा, कडक तुकडा काचेसारखा उडतो. तीन तोंडं शेजारी शेजारी ठेवली की कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल. ते तीन आणि तुटलेला चाकू, एवढं घेऊन गेलात तर माझ्या मते दाखवायचे चार घरी राहिले तरी चालतील.

ठिणगी

चारही घरी नको हो, एक तरी न्या, माणसाला थोडा अभिमान पण लागतो.

माझा एक वेगळा मुद्दा. खुल्या भट्टीच्या मागे फार लागू नका. पहिल्या वर्षी मी दोन्ही दिवस रांगेत उभी राहून काय केलं तर घरी करते तसलाच अजून एक चाकू अर्धा घडवला, आणि पलीकडे एक जण पॅटर्न वेल्डिंग दाखवत होता ते सगळं चुकलं. १०८४ आणि १५एन२० चे थर रचून, सुहागा टाकून, पहिल्या घावाला किती हलका हात ठेवतो ते मला लांबून नुसतं ऐकू आलं. १५एन२० मध्ये निकेल असतं म्हणून ॲसिडमध्ये ते चमकतं आणि दुसरं काळं पडतं हे वाचून माहिती होतं, पण वेल्ड बसल्याचा आवाज कसा बदलतो ते वाचून येत नाही. घरी भट्टी आहे तुमची, तिथे रोज मारा हातोडा.

भातावाला

इथे मी असहमत, मनापासून. बघून येतं असं वाटतं, येत नाही. चांगला माणूस शेजारी उभा असताना तुमच्या हातातला हातोडा बघून तो "मनगट सैल सोड, खांद्यातून येऊ दे" एवढं म्हणतो आणि त्या एका वाक्याने दोन वर्षांचं दुखणं जातं. पहिल्या दिवशी बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन एक पाळी घ्या, तेव्हा गर्दी कमी असते.

व्हिडिओचं मात्र: आधी विचारा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पण न विचारता काढलेला आवडत नाही. आणि मोबाइल धरून उभं राहिलं की प्रश्न विचारायचं राहून जातं, वही न्या.

कानसवाली

अजून एक, धाकधुकीबद्दल. हे वीस वर्षंवाले लोक तुमच्या चाकूला नावं ठेवायला येत नाहीत. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या जर्नीमन (उस्तादाच्या आधीची पायरी) परीक्षेत तर चाकू शेवटी मुद्दामच वाकवतात, आधी लटकता दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि मग पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशात वाकवायचं. महिनाभर खपून बनवलेलं पातं स्वतःच्या हाताने वाया घालवायचं. अशा लोकांना तुमच्या तुटलेल्या चाकूचं काय वाटणार आहे.

कुणी पट्टीचा तुकडा दिला तर त्याच्यावर ग्रेड तिथल्या तिथे मार्करने लिहून घ्या. घरी आल्यावर सगळं लोखंड सारखंच दिसतं.

डावा_हातोडा

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, परवा निघतोय.

तीन तुकडे केले, रात्री, दिवा बंद करून. पहिला आणि दुसरा मोडल्यावर आत जवळजवळ सारखेच, राखाडी, कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तिसरा साखर. तुटलेल्या चाकूशेजारी ठेवला तर कुठला कुठला ते मलाच ओळखू येईना. आणि गंमत म्हणजे तिसऱ्याला किती तापवलं ते अंधारात बघून मीच घाबरलो, जवळजवळ पिवळा झाला होता, आणि उन्हात मी हा रंग बघूनही "अजून थोडं" म्हणालो असणार.

नॉर्मलाइझ नव्हतंच केलं, काळं_पोलाद, बरोबर पकडलंत.

सामान आता एका पेटीत मावलं: हातोडा, एक सांडशी, चष्मा-मास्क-प्लग, चुंबक, वही, मार्कर, एक चांगला चाकू, आणि तुकडे. शेवटची शंका, तुकड्यांना तेल लावू का? एका तोंडावर आत्ताच किंचित तांबूस दिसतंय.

काळं_पोलाद

लावा, पातळ तेलाचा हलका हात, गंज चढला की कण वाचता येत नाहीत. पण घासू नका, आणि दोन तुकडे परत जुळवून बघायचा मोह आवरा, तोंडावर तोंड घासलं की दाणे मोडतात. वेगवेगळ्या फडक्यात गुंडाळा.

भातावाला

आणि तुकडे पेटीत वरच ठेवा, तळाला नको. पहिल्या संध्याकाळीच लागतील.