बी विंगमधून ‘लोटस फीट’

ए-२०३ मावशी: काल रात्री नऊच्या सुमारास बी विंगमध्ये गिटार कोण वाजवत होतं? तक्रार नाही हं. फार संथ, गोड चाल होती. दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा नीट जमली. मी ओटा पुसता पुसता गॅलरीत येऊन उभी राहिले.

बी-६०१ ताई: मावशी, आमचा धाकटा. डक्टच्या बाजूला खोली त्याची, म्हणून आवाज सगळीकडे घुमतो. आजपासून खिडकी लावून घ्यायला सांगते.

बी-४०२ काका: खिडकी मुळीच लावू नका. ती चाल ‘लोटस फीट’ आहे, जॉन मॅक्लॉफ्लिनची. जॅझ आणि आपलं शास्त्रीय संगीत एकत्र वाजवणाऱ्या शक्ती ग्रुपची. मी जेवायला बसलो होतो, घास हातातच राहिला. झाकीरभाई २०२४ मध्ये १५ डिसेंबरला गेले, उद्या एक वर्ष होतंय, आणि दोनच दिवस आधी वरच्या मजल्यावरून हे सूर यावेत! पोराला ही चाल मिळाली कुठे?

बी-६०१ ताई: विचारलं. म्हणतो, झाकीर हुसेन गेले तेव्हा गिटारच्या सरांनी क्लासमध्ये ऐकवली होती. तेव्हापासून मागे लागलाय तिच्या.

सी-१०४ वहिनी: शक्ती म्हणजे शंकर महादेवन गातात तेच ना?

बी-४०२ काका: तेच, वहिनी. पण शंकर महादेवन फार पुढे आले. मूळची शक्ती सत्तरच्या दशकातली. मॅक्लॉफ्लिन तेव्हा जगातला सगळ्यात वेगवान गिटारवाला म्हणून गाजलेला. जॅझमधला बडा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्याबरोबर वाजवलेलं, स्वतःचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा, कानठळ्या बसतील असा विजेचा आवाज. ते सगळं बाजूला ठेवून हा माणूस साधी लाकडी गिटार घेऊन मांडी घालून बसला. शेजारी झाकीरभाई, एल. शंकर यांचं व्हायोलिन आणि विक्कू विनायकराम यांचा घटम. त्यांची पहिली तबकडी म्हणजे लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजातला प्रत्यक्ष कार्यक्रम, ५ जुलै १९७५ चा. त्यातच ही ‘लोटस फीट’ आहे. एका बाजूला अठरा मिनिटांचं तुफान, दुसऱ्या बाजूला जवळजवळ अर्ध्या तासाची रचना, आणि मध्ये ही पाच मिनिटांचीसुद्धा नसलेली चाल.

मी ती गिरगावात मित्राच्या चाळीतल्या खोलीत ऐकली. त्याच्या थोरल्या भावाने तबकडी बोटीवरून येताना आणली होती. आम्ही पाच जण जमिनीवर, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज मध्ये येत होता. घटम सुरू झाला तशी मित्राची आई आतून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, “माठ कोण वाजवतंय?” शेवटपर्यंत दाराला टेकून उभी होती ती.

ए-२०३ मावशी: काका, एक विचारू? मी पंधरा वर्षं गाणं शिकले, पण गिटारवर राग ऐकायचा म्हटलं की मन घेत नाही. पडदे ठोकलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जायची मींड येणार कुठून? सूर उड्या मारत जातात असंच वाटतं.

बी-४०२ काका: अगदी बरोबर शंका आहे तुमची, आणि मॅक्लॉफ्लिनलाही तीच पडली होती! तो अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. वीणेत तार ओढून सूर चढवता येतो, गिटारवर तेवढं जमेना. मग त्याने खास गिटार करून घेतली. दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तारेखाली बोटाला जागा राहते, दाबून-ओढून सूर वर नेता येतो. शिवाय पोटाच्या भोकावरून तिरप्या सात तरफेच्या, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या तारा, सतारीला असतात तशा. सुरुवातीला तो त्या तरफांवरून नुसता हात फिरवायचा आणि स्वर मांडला जायचा. ‘लोटस फीट’ आज रात्री परत ऐका. तुमच्या मनातली मींड त्यात आहे.

ए-२०३ मावशी: ऐकते. पण मग याला जॅझ का म्हणायचं? हे तर आपलंच झालं.

ए-५०२: मावशी, जॅझवालेही हेच म्हणतात, आमचंच झालं म्हणून 🙂 मला वाटतं उपज, म्हणजे वाजवता वाजवता सुचेल ते मांडणं, दोन्हीकडे आहे, तिथेच ते भेटतात. आपण बंदिश मांडून विस्तार करतो, ते चाल मांडून करतात. फरक पडतो तो सुरांचा थर देण्यात, एकावर एक सूर रचून. मॅक्लॉफ्लिन या ग्रुपमध्ये तो थर फार जपून वापरायचा.

सोसायटी ऑफिस: सर्वांना नम्र विनंती, उद्या सकाळी १० ते १ गच्चीवरची टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवावे. बाकी चर्चा चालू द्या, मीही वाचतोय.

सी-१०४ वहिनी: काका, तुम्ही प्रत्यक्ष ऐकलंय का यांना? आमच्या यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा कुठे नेलं असेल तर रंगभवनला. डिसेंबर २०००. मला वाटलं नाटक असेल. धोबी तलावाला उतरून झेवियर्सच्या बाजूने चालत गेलो. आत गेल्यावर समजलं की हा गिटार-तबल्याचा कार्यक्रम आहे आणि वर छप्परच नाही. मी नवी कोरी साडी नेसलेले आणि अंगावर शाल नाही. पण उठावंसं वाटलं नाही एकदाही.

बी-४०२ काका: वहिनी!! तुम्ही त्या गर्दीत होतात? इतकी वर्षं एका सोसायटीत राहतो आपण आणि हे आज कळतंय. अहो, मीही होतो. त्याच कार्यक्रमांची पुढे सीडी निघाली, ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. रिदम हाऊसमध्ये आली त्या आठवड्यात जाऊन घेतली. आता ते दुकानही नाही, २०१६ साली बंद झालं.

तेव्हा ग्रुपचं नाव ‘रिमेंबर शक्ती’ होतं. व्हायोलिनच्या जागी यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन, आणि घटमच्या जागी विक्कूजींचा मुलगा सेल्वागणेश, खंजिरा घेऊन. पाहुणे तर किती! शिवकुमारजींचं संतूर, देबाशिष भट्टाचार्य यांची आडवी स्लाइड गिटार, शिवमणी, तौफिक कुरेशी, भवानी शंकर. आणि शंकर महादेवन.

सी-१०४ वहिनी: शंकर महादेवन गायला बसले तेव्हा आमच्या मागच्या पायरीवरच्या आजी हात जोडून बसल्या होत्या. गणपतीचं होतं ना ते?

बी-४०२ काका: हो, त्यागराजांची कृती, ‘गिरिराज सुता’. आजींना भाषा कळली नसेल, देव कळला.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत अल्लारखाँसाहेब गेले होते. झाकीरभाईंच्या गावात, अब्बाजींच्या पश्चात, हा कार्यक्रम. तो माहीमचा मुलगा, सेंट मायकल्स आणि पुढे झेवियर्समध्ये शिकलेला. म्हणजे रंगभवनाची भिंत त्याच्या कॉलेजला लागून! आणि लोकही त्याला घरचा मुलगा असल्यासारखी हाक मारत होते, “झाकीरभाई, अजून एक!”

एक गोष्ट मात्र मी कधीच विसरणार नाही. सेल्वागणेश खंजिरा घेऊन बसलेला. खंजिरा म्हणजे पसरलेल्या पंजाएवढा डफ, एकच झांज कडेला. शेजारी पाण्याची वाटी. वाजवण्याआधी त्याने दोन बोटं पाण्यात बुडवली, आतल्या बाजूने कातड्यावर थोडं पाणी लावलं, टिचकी मारली, ऐकलं, परत एक थेंब. पाणी मुरलं की खंजिऱ्याचा आवाज खोल जातो. एवढ्या मोठ्या गर्दीसमोर तो माणूस एका थेंबासाठी थांबला होता. आणि झाकीरभाई तबल्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होते, गडबड नाही, काही नाही.

मग दोघांचं सवाल-जवाब सुरू झालं. आधी लांब लांब तुकडे, मग निम्मे, मग त्याच्या निम्मे, शेवटी एकेका बोलावर. इकडून “धा”, तिकडून “धुम्”. त्या वेळात मॅक्लॉफ्लिन गिटार मांडीवर आडवी टाकून नुसता ऐकत होता, बोटांनी ताल मोजत. ज्याच्या नावाने जग तिकिटं काढतं तो माणूस दहा-दहा मिनिटं काहीच वाजवत नव्हता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते मी आजपर्यंत दुसऱ्या कुणा वादकाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. सगळे मिळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आले आणि आम्ही ओरडलो. सीडीवर ती दाद ऐकू येते. त्यात कुठेतरी माझा आवाज आहे. वहिनी, तुमचाही असेल.

सी-१०४ वहिनी: काका, हे वाचून यांना दाखवलं. काही बोलले नाहीत, उठून कपाटातली जुनी सीडी शोधताहेत.

ए-२०३ मावशी: ‘लोटस फीट’ ऐकली. दोनदा. काका, मींड आहे. शब्द मागे घेते. आणि ते व्हायोलिन, किती कमी बोलतं आणि किती सांगून जातं.

ए-५०२: मावशी, मी एल. शंकरवालाच. माफ करा काका, पण १९७५ च्या व्हायोलिन-गिटारच्या जोडीत जे दोघं मिळून एका दमात धावायचे, ते नंतर मला परत मिळालं नाही.

बी-४०२ काका: धावणं मान्य. पण श्रीनिवास! मेंडोलिनला आठ तारा असतात, जोडीजोडीने. या मुलाने पाच सुट्या तारांचं विजेचं मेंडोलिन घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीतातलं गमक, म्हणजे सुराचं डोलणं, काढून दाखवलं. डोळे मिटून, ओठांवर बारीक हसू, हातांखेरीज काही हलत नाही. मॅक्लॉफ्लिन एक तान टाकायचा, हा ती शब्द न बदलता परत करायचा आणि शेवटी एक स्वर जास्तीचा ठेवायचा. भेट दिल्यासारखा. रंगभवनला तो अवघा एकतिसाचा होता. २०१४ च्या सप्टेंबरात गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर मी कितीतरी महिने ती सीडी लावली नाही.

ए-५०२: तिथे मी वाद घालणार नाही.

मी त्यांना ऐकलं ते जानेवारी २०२३ मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या दौऱ्यात मुंबईला आले तेव्हा. व्हायोलिनवर गणेश राजगोपालन होते. मॅक्लॉफ्लिन ८१ वर्षांचे, केस पांढरेशुभ्र, आणि हात तसाच. मला सगळ्यात आवडलं ते कोन्नक्कोल. वाद्यं खाली ठेवून तोंडाने बोल, “तकधिमि तकझुनु”, एकाने टाकायचे, दुसऱ्याने उचलायचे. माझ्याबरोबर ऑफिसातला एक मित्र आला होता, त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तो पुढचे दोन दिवस लिफ्टमध्ये “तकधिमि” करत होता.

आम्हाला काय माहीत, की झाकीरभाईंना शक्तीबरोबर मुंबईत बघायची ती शेवटची वेळ आहे.

सी-३०३ काकू: आमची लेक अमेरिकेत आहे, तिला हा सगळा धागा पाठवला. तिचा मेसेज इथे टाकते:

“आई, आम्ही २०२३ ला इकडे ऐकलं त्यांना. या दौऱ्यात शक्तीच्या आधी जॉन स्कोफील्ड, बिल फ्रिझेल असे इकडचे मोठे गिटारवादक आलटून पालटून वाजवायचे. निम्मे लोक त्यांच्यासाठी आलेले होते, निम्मे आपले. माझ्या शेजारी एक गोरे आजोबा होते, सत्तरीतले. म्हणाले, कॉलेजात असताना शक्ती ऐकली होती. तबल्याची तिहाई, म्हणजे तीनदा येणारा शेवटचा तुकडा, कुठे संपणार ते त्यांना माझ्या आधी कळत होतं. मी आपली टाळीला चुकले. झाकीरजी मध्येच माइकवरून गप्पा मारायचे, आणि माझी लेक माझ्या कानात म्हणाली, आई हे आपल्या आजोबांसारखे बोलतात.”

बी-४०२ काका: काकू, तिला माझा आशीर्वाद सांगा. पुढच्या फेब्रुवारीत शक्तीला ‘धिस मोमेंट’ या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं, २०२४ साली. झाकीरभाईंना त्या एकाच रात्री तीन. पेपरात फोटो आला तेव्हा मी पान कापून ठेवलंय. दहा महिन्यांनी त्याच पेपरातलं दुसरं पान कापलं.

सी-१०४ वहिनी: रंगभवनला आता काही होत नाही ना? मध्यंतरी तिथून जात होते तर फाटक बंद.

बी-४०२ काका: जवळ हॉस्पिटलं, कोर्ट, कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात ते मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. रुग्णांना त्रास नको हे पटतं मला. पण मुंबईत खुल्या आकाशाखाली, लोकलच्या पासावर परवडेल अशा ठिकाणी, १९७८ पासून जॅझ यात्रा भरायची, जगातले वादक यायचे, आणि आपल्यासारखी माणसं पायरीवर बसून ऐकायची. त्याला पर्याय कुणी उभा केला नाही याचं वाईट वाटतं. मोठ्या सभागृहांची तिकिटं आता घरातल्या चौघांना मिळून काढवत नाहीत.

त्या रात्री मी शेवटची कर्जत पकडून घरी आलो. डब्यात आम्ही सात-आठ जण तिथलेच, एकमेकांना अनोळखी. कुणीतरी खिडकीच्या गजावर ठेका धरला आणि ठाण्यापर्यंत कुणी झोपलं नाही.

बी-६०१ ताई: काका, धाकटा माझ्याच फोनवरून लिहितोय.

बी-६०१: काका नमस्कार. मी सगळं वाचलं. मला चाल येते पण तबला सुरू झाला की सम कुठे येते ते कळत नाही. मी पुढे निघून जातो.

बी-४०२ काका: अरे, सगळेच जातात. उद्या संध्याकाळी ये माझ्याकडे. मी टाळी धरतो, तू वाजव. वाजवू नकोस, आधी दहा वेळा नुसता ऐक. मग वाजव. मावशी, तुम्हीही या, तंबोरा घेऊन. वहिनी, तुमच्या यांना ती सीडी सापडली तर आणा, माझ्या सीडीवर ओरखडे पडलेत, शिवकुमारजींचं ‘शृंगार’ मध्येच अडकतं.

ए-२०३ मावशी: येते. तंबोरा माळ्यावरून काढायला मात्र कुणी तरणं माणूस पाठवा.

ए-५०२: मी येतो मावशी, साडेसहाला.

सी-१०४ वहिनी: सापडली. कव्हर फाटलंय, आत तिकीट ठेवलेलं आहे यांनी. इतकी वर्षं मला सांगितलं नाही.

बी-६०१: काका, आठ वाजता येऊ? गिटार आणू ना?

बी-४०२ काका: आण. आणि दुसरी तार काल किंचित उतरलेली वाटत होती, लावून आण.