मदत हवी आहे : घोंगडी, मोरपिसे आणि ढोल यांना लागलेल्या किडीवर गोठवण्याचा उपाय

नमस्कार. नागपुरातील एका शैक्षणिक संस्थेच्या लहानशा वस्तुसंग्रहाची देखभाल माझ्याकडे आहे. पूर्व विदर्भातील घोंगड्या, लुगडी, मोरपिसांचे तुरे, चामड्याने मढवलेला लाकडी ढोल आणि पेंढा भरलेले काही जुने पक्षी, असा हा संग्रह आहे.

पावसाळ्यात कपाटे उघडली तेव्हा घोंगडीच्या घड्यांत आणि तुऱ्यांखाली तपकिरी, केसाळ काती सापडल्या. जाळे किंवा रेशमी नळ्या कुठेच नाहीत, शेजारची सुती लुगडी शाबूत आहेत आणि खिडकीच्या कडेला तीनेक मिलिमीटरचे ठिपकेदार भुंगेरे मरून पडले आहेत. त्यामुळे ही नेहमीची कसर (कपड्यांत जाळे विणणारी पतंगाची अळी) नसून कार्पेट बीटल असावी, असे वाटते. तिच्या अळ्या लोकर, पिसे, केस, कातडे खातात, तर प्रौढ भुंगेरे परागकणांवर जगतात आणि उजेडाकडे जातात.

फवारणी करून घ्या, असा संस्थेत आग्रह आहे. पण द्रवाने पिसांवर आणि रंगांवर डाग पडतील आणि घडीच्या आतली अंडी बहुधा वाचतील. डांबरगोळ्यांची वाफ आरोग्याला अपायकारक असते. मे महिन्यातल्या उन्हात वस्तू टाका, हा सल्ला तर नागपुरात हमखास मिळतो; त्याने रंग उडतील आणि ढोल तडकेल.

म्हणून गोठवण्याचा विचार आहे. उणे 30 अंश सेल्सिअसला 3 दिवस, किंवा उणे 20 अंशांना किमान आठवडा ते पंधरवडा, असे प्रमाण वाचनात आले. वस्तू पॉलिथीनमध्ये हवाबंद करायची आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच धरते, हेही समजले. आमचा डीप फ्रीजर मात्र उणे 18 अंशांपर्यंतच जातो. मुदत वाढवून हे काम भागेल का, की अंडी टिकून राहतील?

दुसरी अडचण ढोलाची. त्याच्या खोडाला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असून त्यांतून मैद्यासारखी पूड गळते, म्हणजे ही कीड वेगळी आहे. ताणलेले चामडे थंडीत आकसून फाटेल, ही धास्ती आहे. त्याऐवजी ऑक्सिजनशोषक पुड्या घालून हवाबंद ठेवणे योग्य ठरेल का, आणि किती आठवडे?

जुने पक्षी टिकवण्यासाठी पूर्वी आर्सेनिक वापरत असत. त्यामुळे त्यांना हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय कोणी हात लावत नाही. पण त्याची तपासणी विदर्भात कुठे होते, हे अजब बंगल्यात किंवा अन्य संग्रहालयात संवर्धनाचे काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे.