मदत हवी आहे: लार्डच्या पाय क्रस्टला पदर सुटत नाहीयेत

नमस्कार मंडळी, आधीच सांगून टाकते, धागा डुकराच्या चरबीबद्दल आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी प्लीज पुढच्या धाग्यावर जा, इथे १८५७ नको. आणि पाय म्हणजे खायचा पाय (pie, मैद्याच्या आवरणात सारण भरून भाजतात तो), चालायचा नव्हे.

आम्ही आयोवात राहतो. इथे माणसं बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर, त्यामुळे लार्ड हा काही परका पदार्थ नाही. शेजारी एक आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, शेतावरच वाढलेल्या. दर ऑक्टोबरात सफरचंदाचा पाय आणून द्यायच्या आणि त्याचं वरचं आवरण असं काही असायचं की सुरी टेकवली की पापुद्रे उडायचे, अगदी चिरोट्यासारखे, पण तळलेलं नाही आणि तुपकटही नाही. उन्हाळ्यात त्या आपल्या मुलीकडे राहायला गेल्या, जाताना मला एक पिवळं पडलेलं कार्ड देऊन गेल्या. त्यावर एवढंच: मैदा २ कप, लार्ड २/३ कप, मीठ १ टीस्पून, बर्फाचं पाणी पुरेल इतकं. हे पुरेल इतकं वाचून मला माझीच आजी आठवली, भाजणीचं प्रमाण विचारलं की तीही अंदाजाने घाल म्हणायची, आता मला अंदाज असता तर विचारलं कशाला असतं. फोन केला तर आजींना नीट ऐकू येत नाही, एकच वाक्य तीनदा म्हणाल्या, त्याच्याशी फार खेळत बसू नकोस.

आतापर्यंत तीनदा बिघडलंय.

पहिल्यांदा मी सवयीने लार्ड कडकडीत तापवून मोहन घातलं, मुटका वळतोय का बघितलं, मस्त वळला, मग पाणी घालून छान मळून झाकून ठेवलं. चव बरी होती पण ती झाली शंकरपाळी! नवरा म्हणाला चहाबरोबर दे.

दुसऱ्यांदा गार लार्ड घेऊन फूड प्रोसेसरला लावलं, एकदम रव्यासारखं झालं, म्हटलं आता जमलं, तर लाटताना चहूबाजूंनी चिरा, ताटलीत टाकेपर्यंत चार तुकडे, ते जोडले आणि भाजलं. तोंडात विरघळत होतं खरं पण पदर एकसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा वाटलं लार्डच चुकीचं असणार, म्हणून मेक्सिकन दुकानातून मांतेका (त्यांच्याकडचं लार्ड) आणलं, तपकिरी झाक असलेलं, पातळसर. आख्ख्या घराला भाजलेल्या पोर्कचा वास. वास छानच, पण सफरचंद आणि दालचिनीबरोबर नको हो.

दोन आठवड्यांवर थँक्सगिव्हिंग आलंय, ऑफिसच्या पॉटलकला पाय मीच आणते असं बोलून बसलेय, तर लार्ड नक्की कुठलं घ्यायचं, किती बारीक करायचं, पाणी किती, आणि ते मळायचं की नाही हे कुणीतरी नीट सांगा. बटर घाला असं सांगू नका, बटरचा मला येतो, मला आजींचाच हवाय.

---

चिरोटेवाली:
अगं तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. चिरोट्याला मोहनही असतं आणि साटाही असतो. मोहनाने पदार्थ खुसखुशीत होतो, पदर सुटतात ते साट्याने. तू तिन्ही वेळा सगळं लार्ड मोहनात घालवलंस. पहिल्यांदा तापवून, दुसऱ्यांदा प्रोसेसरमध्ये फिरवून, कारण रव्यासारखं झालं म्हणजे मैद्याच्या कणाकणाला चरबी लागली, मग वेगळा थर राहायला शिल्लक काय उरली? पायमध्ये साटा वेगळा लावत नाहीत, लार्डचे तुकडेच पिठात आख्खे ठेवायचे, लाटताना ते चपटे होऊन त्याचे पातळ पत्रे होतात, ओव्हनमध्ये ते वितळतात आणि पिठातल्या पाण्याची वाफ होऊन थर वर उचलते. म्हणून तुकडे दिसले पाहिजेत. लाटलेल्या पारीत पांढरे डाग दिसले की समजायचं जमलं.

मी असं करते, लार्डचे दोन भाग. अर्धं बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखं करायचं, ते झालं तुझं मोहन. उरलेलं अर्धं वाटाण्याएवढे किंवा थोडे मोठेच तुकडे करून नुसतं पिठात घोळवायचं, तो तुझा साटा. मग बर्फाचं पाणी चमच्या चमच्याने शिंपडत काट्याने हलवायचं. २ कप मैद्याला साधारण ५-६ टेबलस्पून लागतं. मुटक्याची परीक्षा इथे, पाणी घातल्यावर. मुठीत दाबलं की धरलं पाहिजे पण हाताला ओलं लागता कामा नये. मळायचं अजिबात नाही!! नुसतं गोळा करून दोन चपट्या चकत्या करायच्या आणि फ्रीजमध्ये निदान तासभर. दिसायला इतकं गबाळं दिसतं की आपल्या हाताला राहवत नाही, आजी खेळू नकोस म्हणाल्या ते त्यासाठीच.

---

टेम्सकाठचा_कावळा:
तुमची पहिली चूक इथे इंग्लंडात चूक नाहीये. पोर्क पायचं आवरण असंच करतात, लार्ड आणि पाणी एकत्र उकळून गरम गरम मैद्यात ओततात, आपण मोदकाची उकड काढतो ना थेट तसंच, आणि कोमट असतानाच हाताने उभं करतात. मेल्टन मोब्रेचा पाय तर साच्याशिवाय भाजतात, भिंती स्वतःच्या पायावर उभ्या राहतात (कोटी आपोआप झाली). पण ते आवरण घट्ट हवं असतं, पदर नकोच असतात. सफरचंदाला काही उपयोग नाही, उगाच माहिती.

---

दही_भात_बास:
एवढा खटाटोप कशाला, बटर घ्या नाहीतर साजूक तूप. चरबीने कोलेस्टेरॉल वाढतं, ते वेगळंच.

---

धागाकर्ती:
लिहिलं होतं ना बटर सांगू नका म्हणून :) आणि एक बघा, बटरमध्ये सॅच्युरेटेड फॅट लार्डपेक्षा जास्त असतं. लार्डही काही औषध नाही, पण वर्षातून दोनदा पाय खाताना मी तो हिशोब करणार नाहीये.
चिरोटेवाली ताई, डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आयुष्यभर चिरोटे करून हे सुचलं नाही. पण लार्ड कुठलं?

---

फॅक्टरीतला_भटजी:
मी फूड टेक्नॉलॉजीवाला, पुण्यात असतो, लार्ड खात नाही पण अभ्यासलंय. सुपरमार्केटमध्ये फ्रीजबाहेरच्या शेल्फवर मिळतं त्याचं लेबल वाचा, बहुतेक वेळा हायड्रोजिनेटेड लार्ड आणि बीएचए वगैरे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, टिकाऊ असतं पण चव सपाट. मांतेका जास्त तापवून काढलेलं असतं म्हणून तो वास आणि रंग, ते तमाले आणि बीन्ससाठीच चांगलं. तुम्हाला लीफ लार्ड हवंय, म्हणजे डुकराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. ती जास्त तापमानाला वितळते आणि तिला वास जवळजवळ नसतो.

लार्डने पदर जास्त चांगले का सुटतात तर त्याचे स्फटिक जाड आणि मोठे असतात, त्यामुळे तुकडे पिठात लगेच मिसळून जात नाहीत. वनस्पती शॉर्टनिंग बारीक स्फटिकांचं बनवतात, त्यात हवा चांगली धरते म्हणून केकला ते बरं. अमेरिकेत १९११ मध्ये सरकीच्या तेलाचं क्रिस्को हे असंच शॉर्टनिंग आलं आणि हळूहळू घराघरातून लार्ड गेलं, आपल्याकडे डालड्याने तुपाची जागा घेतली तसंच काहीसं.

अजून एक, बटरच्या रेसिपीत त्याच वजनाचं लार्ड घालू नका. अमेरिकन बटरमध्ये फॅट ८० टक्के आणि बाकी बरंचसं पाणी, लार्ड म्हणजे जवळपास सगळं फॅटच. म्हणून लार्ड पाचवा हिस्सा कमी आणि पाणी चमचाभर जास्त. तुमच्या आजींचं प्रमाण बरोबर आहे, २ कप मैदा म्हणजे २४० ते २५० ग्रॅम, २/३ कप लार्ड १३५ ग्रॅमच्या आसपास.

---

मक्याचं_कणीस:
मी पण आयोवा, देस मॉईनपासून तासभर लांब. सुपरमार्केट सोडा, गावातल्या मीट लॉकरला (म्हणजे मांस कापून विकणाऱ्या दुकानाला) फोन करून लीफ फॅट विचारा, आधी सांगावं लागतं, बहुतेक गोठवलेलंच देतात. घरी कढवायचं. अर्धवट गोठलेलं असताना बारीक चिरा, जाड बुडाच्या भांड्यात पाव कप पाणी घालून एकदम मंद आचेवर दोन-तीन तास, अधूनमधून हलवत. लोणी कढवतो तसंच, फक्त एक फरक, तूप करताना आपण बेरी लालसर होऊ देतो, इथे लाल व्हायच्या आत गाळायचं, नाहीतर परत मांतेकाच होईल. पांढऱ्या फडक्यातून काचेच्या बरणीत. गार झालं की दुधासारखं पांढरं. फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने राहतं. आणि हो, घरात तळणाचा नाही पण एक जडसर वास येतो, खिडकी उघडी ठेवा, नोव्हेंबर असला तरी.

लार्ड फ्रीजमधून काढल्यावरही बटरपेक्षा मऊ असतं, हाताला पटकन लागतं, म्हणून तुकडे करून १५-२० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून मगच पिठात घाला.

---

धागाकर्ती:
अपडेट देतेय. मीट लॉकरवाल्याने विचारलं पाय करणार का, हो म्हटल्यावर खूश होऊन अर्धा पाउंड जास्तच दिलं. कढवलं, पांढरंशुभ्र निघालं, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर बरणी दाखवली तर म्हणाल्या खोबरेल गोठलंय का, मी हो म्हटलं (पाप लागू नये). मग ताईंनी सांगितलं तसं दोन भाग, चोळणं, तुकडे, पाणी साडेपाच चमचे, मळलं नाही, हाताला चक्क लगाम घातला. लाटताना पांढरे डाग दिसले तेव्हाच ओरडले.

४२५ फॅरनहाइटला २० मिनिटं आणि मग ३७५ ला ४० मिनिटं. वरचं आवरण फुगलं, सुरी टेकवली आणि उडाले पापुद्रे!! फोटो काढेपर्यंत मुलाने कडा खाल्ली. पण खालचा भाग ओला, सफरचंदाचं पाणी सुटून अगदी लगदा झाला, चमच्याने काढावं लागलं. हा ट्रायलचा होता म्हणून बरं. काय करू?

---

चिरोटेवाली:
वाह! फोडींना साखर लावून तासभर ठेव, सुटलेलं पाणी गाळून वेगळं आटव पाकासारखं, मग परत फोडींत घाल, वर दोन चमचे कॉर्नस्टार्च. आणि भांडं ओव्हनच्या सगळ्यात खालच्या रॅकवर, आधी तापवून ठेवलेल्या जाड ट्रेवर ठेव. रस मधोमध बुडबुडेपर्यंत काढू नकोस, वरून काळं पडायला लागलं तर फॉइल टाक.

---

मक्याचं_कणीस:
आणि कापायच्या आधी तीन-चार तास गार होऊ दे. पॉटलकच्या आदल्या रात्रीच कर, म्हणजे मुलाला गरम मिळणार नाही.

---

धागाकर्ती:
आदल्या रात्री केला, आत्ता ऑफिसातून लिहितेय. खालचा भाग नीट शिजला. ताटली रिकामी. उरलेल्या कडांना साखर-दालचिनी लावून भाजलं होतं ते मी डब्यात लपवून आणलंय. आजींच्या मुलीला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं, आई विचारतेय पाणी किती घातलंस. लिहिलं, पुरेल इतकं.