'कल्ट' पिक्चर म्हणजे नक्की काय?

हल्ली कोणी जुन्या पिक्चरचं पोस्टर टाकलं की खाली दहा जण येऊन 'कल्ट!!' लिहून जातात. बनवाबनवी कल्ट, धूमधडाका कल्ट, डिस्को डान्सर कल्ट, परवा एकाने तर शोलेला पण कल्ट म्हटलं, मग आवडला तो कल्ट असंच समजायचं का? हिट, क्लासिक आणि कल्ट यात फरक काय, आणि ऐंशीच्या दशकातल्या पिक्चरांनाच हे बिरुद जास्त का चिकटतं? मराठीत याला शब्द आहे का तेही सांगा.

रीळवाला:
शोले कल्ट नाही. पाच वर्षं मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात चालला तो, त्याला कल्ट म्हणणं म्हणजे पंढरपूरच्या यात्रेला खासगी पूजा म्हणण्यासारखं आहे.

शब्दाचं मूळ लॅटिन, जोपासणे, मशागत करणे, पूजणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, कल्चर आणि अ‍ॅग्रिकल्चर त्याच घरातले. इंग्रजीत एरवी कल्ट म्हणजे छोटा पंथ, आणि बऱ्याचदा वाईट अर्थाने, आपण बुवाबाजी म्हणू तसा. पिक्चरच्या बाबतीत पंथ हाच अर्थ उचललाय. पिक्चर आला, पडला, समीक्षकांनी झोडला किंवा कोणाला कळलाच नाही, पण मूठभर लोकांनी तो सोडला नाही, पुन्हा पुन्हा बघत राहिले, दुसऱ्यांना पकडून दाखवत राहिले. तो कल्ट. क्लासिक ठरवतात ते जाणकार, हिट ठरवते ती तिकीट खिडकी, आणि कल्ट ठरवतात हे असले चिवट लोक.

ऐंशीचं म्हणाल तर ब्लेड रनर घ्या, हॉलिवूडचा यंत्रमानवांवरचा पिक्चर. २५ जून १९८२ ला अमेरिकेत लागला, त्याच दिवशी द थिंग पण लागला, आणि दोन आठवडे आधीच ई.टी. येऊन बसला होता. लोकांना त्या उन्हाळ्यात गोंडस परग्रहवासी हवा होता, हे दोन काळेकुट्ट पिक्चर कोण बघणार! दोघांनीही फारसा धंदा केला नाही. पुढे व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी ब्लेड रनर रिवाइंड करकरून बघितला, वाद घातले की नायक स्वतःच यंत्रमानव आहे का, मग १९९२ मध्ये निवेदनाचा आवाज काढून टाकलेली आवृत्ती आली, २००७ मध्ये आणखी एक. एकाच पिक्चरची कुठली आवृत्ती खरी यावर माणसं भांडायला लागली की समजायचं पंथ स्थापन झाला :)

तेच तुमच्या 'ऐंशीच का'चं उत्तर. त्याआधी पिक्चर थिएटरमधून उतरला की संपला, फार तर मॅटिनीला परत लागणार. व्हीसीआर, म्हणजे घरच्या टीव्हीवर कॅसेट लावायचं यंत्र, आला आणि पडलेल्या पिक्चरला दुसरा जन्म मिळायला लागला. आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन कॅसेटी बघायचे लोक, आणि दूरदर्शन होतंच.

चहाबाज:
मग आपल्याकडचं पहिलं नाव 'जाने भी दो यारों'. १९८३ चा, दिग्दर्शक कुंदन शाहचा पहिलाच पिक्चर, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात काढलेला, थिएटरात फार काही चालला नाही, टीव्हीवर लागून लागून मोठा झाला. शेवटचा महाभारताचा सीन आठवा. सतीश शाह म्हणजे डिमेलोचं प्रेत द्रौपदी करून उभं केलंय, ते हातचं जाऊ नये म्हणून वस्त्रहरणच रद्द करतात, ओम पुरी भीमाच्या वेषात घुसलाय, मधेच अकबर येतो, आणि आंधळा धृतराष्ट्र आपला दर दोन मिनिटांनी विचारतोय 'ये क्या हो रहा है?' आमच्या ऑफिसात मीटिंग भरकटली की एक जण हळूच हेच म्हणतो, ज्यांना माहिती आहे ते खाली बघून हसतात, बाकीचे गोंधळतात. माझ्या मते कल्टची हीच टेस्ट.

मावशीबाई:
हे बरंय, म्हणजे बनवाबनवी बाद? 'धनंजय माने इथेच राहतात का' म्हणून बघा कुठेही, चार लोक वळून बघतील. सत्तर रुपये वारले, हा माझा बायको पार्वती, आमच्या घरी सातवीतल्या नातवाला पाठ आहे सगळं, तो तर पिक्चर आल्यावर पंचवीस वर्षांनी जन्मलाय!! वसंत सबनीसांचे संवाद आहेत ते, त्याला कल्ट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

रीळवाला:
मावशी, रागावू नका, मलाही पाठ आहे :) पण १९८८ मध्ये लागला तेव्हाच तुफान चालला तो. आणि चहाबाजची टेस्ट लावली तर खूण सगळ्यांनाच कळत असेल तर ती खूण कसली? तो घराघरातला पिक्चर आहे, कल्टपेक्षा मोठी गोष्ट आहे ती.

पेठकर:
इथे मी मावशींच्या बाजूने. हिट कधीतरी विसरले जातात की, त्या काळातले किती सिल्व्हर ज्युबिली पिक्चर आज कोणाला आठवतात? बनवाबनवी नव्या पोरांनी मीम करून परत उचलला, म्हणजे दुसऱ्या फेरीत कल्टसारखाच जगला. आधी पडलाच पाहिजे ही अट इंग्रजीतसुद्धा आता कोणी फार पाळत नाही.

तुमची कडक व्याख्याच हवी असेल तर 'ओम दर-ब-दर' घ्या. दिग्दर्शक कमल स्वरूप, आमच्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा, पिक्चर १९८८ चा, बनवाबनवीचंच साल बघा. अजमेर-पुष्करकडची गोष्ट, गोष्ट म्हणायची पद्धत म्हणून, बेडूक काय, हिरे काय, कशाचा कशाला पत्ता नाही. थिएटरात रीतसर लागला २०१४ मध्ये! तोवर खराब कॉप्या हातोहात फिरत होत्या आणि पोरं त्यावर तासन् तास बोलायची. मी अर्ध्यात झोपलो होतो, पण कल्ट म्हणजे हाच.

चहाबाज:
मराठी शब्दाचं राहिलंच. क्लासिकला अभिजात आहे. कल्टला 'पंथप्रिय' कुठेतरी वाचलंय, पण ते ऐकून संतपट वाटतो. 'भक्तप्रिय' म्हणावं तर भक्त शब्दाचं आज काय झालंय ते सगळ्यांना माहितीये, नको.

मावशीबाई:
'नादखुळा' काय वाईट आहे? कोल्हापूरकरांना विचारा.

पेठकर:
नादखुळा म्हणजे पिक्चर भारी आहे एवढंच. आपल्याला बघणाऱ्याचा नाद सांगायचाय. मी तरी 'कल्ट'च लिहीन आणि त्याचं अनेकवचन करणार नाही.

रीळवाला:
+१. फक्त शुक्रवारी लागलेल्या पिक्चरला शनिवारी कल्ट म्हणू नका, निदान दहा वर्षं जाऊ द्या.